कुंडीतील लिंबोणीची हिवाळी जयणा

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला, की साधु-साध्वींचे विहार सुरू होतात. गच्चीवरच्या कुंड्यांच्या बाबतीत मात्र याच सुमारास उलटी तयारी करावी लागते. पावसाळाभर उघड्यावर वाढलेल्या झाडांना आता स्थिरवासाची जागा शोधायची असते. तुळस, जास्वंद, गुलाब यांच्याकडे घरातल्यांचे लक्ष असते. लिंबोणी काटेरी आणि दणकट दिसते, म्हणून ती कोपऱ्यात तशीच राहते. आणि पौषातल्या एखाद्या सकाळी तिची शेंड्याकडची कोवळी पाने काळवंडून लोंबताना दिसतात. पुढल्या पंधरवड्यात उरलेली पानेही गळतात. सहा-सात वर्षे जपलेले झाड एका रात्रीत कसे गेले, याचा उलगडा घरात कुणालाच होत नाही.

महाराष्ट्रात अशी थंडी कुठे पडते, असे मुंबई-ठाण्याकडच्या वाचकांना वाटेल. परंतु नाशिक जिल्ह्यातील निफाडला, जेथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमानाची नोंद होते, पारा पाच अंशांच्या खाली गेल्याचे हिवाळ्यात वाचायला मिळते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. धुळे, जळगाव, अहिल्यानगर, पुण्याचा बाहेरचा भाग आणि विदर्भ येथेही दोन-चार रात्री तरी कसोटीच्या असतातच. शिवाय आपल्या समाजातील पुष्कळ घरांची एक शाखा आता लंडन, लेस्टर, अँटवर्प किंवा न्यू जर्सीत आहे. तेथे लिंबोणी कुंडीतच लावावी लागते, कारण जमिनीत लावली तर पहिल्या हिवाळ्यातच तिचा शेवट ठरलेला.

जैन दर्शनात वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे. त्याला स्पर्शेंद्रिय तेवढे आहे. आणि स्पर्शाचे जे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत शीत आणि उष्ण ही जोडी येते. डोळे, कान, जीभ, नाक यांपैकी काहीही नसलेल्या जीवाला जे कळते ते एवढेच, आणि त्यात थंडी आहे. मुनींनी समभावाने सोसायच्या बावीस परीषहांतही शीत परीषह गणला आहे. पण तो स्वेच्छेने पत्करलेला असतो. कुंडीतल्या झाडाला कुणी विचारलेले नसते. त्याची मुळे हातभर मातीत कोंडून त्याला उघड्या गच्चीवर ठेवणारा गृहस्थच असतो. रानातल्या झाडाचे जे होईल त्याची जबाबदारी आपल्यावर नाही, असे एखादा म्हणू शकेल. कुंडीतल्या झाडाबाबत तसे म्हणता येत नाही.

जमिनीतले झाड आणि कुंडीतले झाड यांच्या स्थितीत मोठा फरक आहे. जमीन दिवसभर ऊन साठवते आणि रात्री खालून ती ऊब हळूहळू वर देते. हवा कितीही गार झाली तरी दोन हात खोल माती फारशी थंड होत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जमिनीतल्या झाडापाशी गंगाजळी असते. कुंडीतले झाड रोजच्या रोखीवर जगते. कुंडीला गार वारा चारी बाजूंनी लागतो, खालून लादीही गार असते. बहुतेक झाडांची मुळे फांद्यांपेक्षा थंडीला अधिक नाजूक असतात. निसर्गात ती मातीखाली सुरक्षित असल्याने त्यांना तशी सवयच नसते. म्हणून शेजारच्या बागेतले लिंबाचे झाड हिरवेगार असते आणि गच्चीवरचे मात्र माना टाकते.

दुसरी गोष्ट आकाशाची. निरभ्र आणि निवांत रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. तापमापक जमिनीपासून चार फूट उंच, छत असलेल्या पेटीत टांगलेला असतो; तो चार अंश दाखवीत असताना उघड्या पानावरचे दव गोठलेले असू शकते. ढगाळ रात्री किंवा वारा वाहत असताना हा धोका कमी होतो, हे वरकरणी विचित्र वाटते, परंतु शेतकऱ्यांना ते चांगले ठाऊक आहे. त्यामुळे उपायही सोपा आहे. झाडाच्या माथ्यावर आणि आकाशाच्या मध्ये काहीतरी आणायचे. पोर्चचे छत, गॅलरीची पडवी, जिन्याखालची उजेडाची जागा, काही नसेल तर जुनी चादर. दिवसभर उन्हात तापलेली दक्षिणेकडची किंवा पश्चिमेकडची विटांची भिंत रात्री कुंडीची सोबत करते. कुंड्या विखरून न ठेवता भिंतीशी एकत्र मांडल्या तर आतल्या कुंड्यांना बाहेरच्यांचा आडोसा मिळतो.

युरोपात हा प्रश्न काही शतके जुना आहे, आणि तेथल्या लोकांनी तो कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात ज्युल आर्दुएँ-मान्सार या वास्तुविशारदाने नारिंगीच्या झाडांसाठी एक खास इमारत उभारली. तिला ओरांजरी म्हणतात. मधले दालन दीडशे मीटरहून लांब, छत तेरा मीटर उंच, भिंती चार-पाच मीटर जाड, आणि सर्व मोठ्या खिडक्या दक्षिणेकडे. आजही तेथे हजाराहून अधिक झाडे लाकडी पेट्यांत वाढवलेली आहेत. ऑक्टोबरच्या मध्यास ती आत नेतात, मे महिन्यात बाहेर मांडतात. पेट्यांच्या बाजू उघडता येतात, म्हणजे झाड न उपटता मुळे तपासता येतात आणि माती बदलता येते.

या दालनात झाडांना ऊब देण्यासाठी शेगड्या मांडलेल्या नाहीत. एवढ्या खर्चाने बांधलेल्या त्या इमारतीचे काम इतकेच, की आतला पारा गोठणबिंदूच्या वर राहावा. हिवाळाभर आत पाच ते आठ अंशांच्या आसपास गारवाच असतो. राजाच्या दरबारात पैशाची ददात नव्हती, सरपणाचीही नव्हती. तरीही झाडांना उबदार करण्याच्या मागे तेथले माळी लागले नाहीत. त्यांनी झाडांना गोठू दिले नाही, एवढेच.

इटलीच्या उत्तरेस गार्दा सरोवराच्या काठी तर लिंबाची शेतीच अशा आडोशावर उभी होती. तेथे झाडे जमिनीत, पण दगडी खांबांच्या रांगांत लावलेली. हिवाळा आला की त्या खांबांवर फळ्यांचे छत आणि पुढे काचेची तावदाने बसवायची, वसंतात सगळे काढून ठेवायचे. थंडीच्या रात्री आत पाण्याची भांडी ठेवीत. पाण्यावर बर्फाची साय धरू लागली की मगच आग पेटवीत. ही लिंबे आल्प्स ओलांडून उत्तरेकडे विकली जात आणि चांगला भाव मिळवीत. पुढे इटली एक झाली, सिसिलीची उघड्यावर वाढलेली स्वस्त लिंबे बाजारात येऊ लागली, झाडांना डिंक्या रोगाने ग्रासले, आणि १९२८-२९ च्या कडक हिवाळ्याने उरलेसुरले मोडले. लाकूड, काच आणि मजुरी यांचा बोजा असलेला माल बिनबोजाच्या मालापुढे टिकत नाही, हे बाजारपेठेत बसणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. काही बागा मात्र आजही जतन केलेल्या आहेत आणि ते उंच दगडी खांब सरोवराकाठी उभे आहेत.

तेव्हा मुद्दा असा, की लिंबूवर्गीय झाडाला थंडी वर्ज्य नाही. गोठणे वर्ज्य आहे. किंबहुना थोडी थंडी त्याला हवीच असते. रात्री गार झाल्यावाचून संत्र्याच्या सालीचा हिरवा रंग उतरून केशरी येत नाही. आपल्याकडील बागायतदार आंबे बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देतात, आणि गारवा व ताण या दोहोंनंतर जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलाने भरते. हिवाळाभर दिवाणखान्यात मऊ वातावरणात ठेवलेल्या कुंडीला बहार कमी येतो, त्याचे एक कारण हेच आहे.

घरात आणून पाने का गळतात, हा प्रश्न परदेशस्थ कुटुंबांना विशेष सतावतो. झाड काचेच्या खिडकीत आहे, उन्ह भरपूर आहे, खोली उबदार आहे, तरी पाने टपाटप पडतात. लिंबाच्या मुळांचे काम माती सुमारे बारा-तेरा अंशांच्या खाली गेली की जवळजवळ थांबते. कुंडी गार फरशीवर असेल तर मुळे निजलेली असतात, आणि वर काचेतून आलेले ऊन पानांतून पाणी ओढत असते. मागणी आहे, पुरवठा नाही. झाड मग पाने टाकून मागणीच कमी करते. हे पाहून घाबरलेला यजमान पाणी वाढवतो, निजलेली मुळे त्या चिखलात कुजतात, आणि झाड खरोखर मरते. थंडीने जेवढी कुंडीतली लिंबे जातात, त्याहून अधिक अशा प्रेमाने जात असावीत.

म्हणून दोनच मार्ग सुसंगत आहेत. एक, झाडाला पाच ते दहा अंशांच्या गार, उजेडाच्या, मोकळ्या हवेच्या जागी ठेवावे : न तापवलेला काचेचा पोर्च, खिडकी असलेले गॅरेज, जिन्याचा उजळ कोपरा. तेथे मुळे आणि पाने दोन्ही विसावतात. दुसरा, खरोखर उबदार ठेवायचे असेल तर मुळांनाही ऊब द्यावी. कुंडीखाली लाकडी फळी किंवा जाड थर्मोकोल घालावा आणि उजेड पुरेसा द्यावा. न्यू जर्सीच्या डिसेंबरात खिडकीतला उजेड अपुराच पडतो, तेव्हा दिव्याची जोड लागते. पहिला मार्ग स्वस्त आहे, सोपा आहे आणि झाडाच्या स्वभावाला धरून आहे. रात्री पडदा ओढताना कुंडी पडदा आणि काच यांच्या मध्ये अडकणार नाही हे पाहावे, कारण त्या फटीतला गारवा खोलीत बसलेल्याला कळतही नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय जैन घरांत अधिक विचाराने घ्यायला हवा, तिच्याकडे वळावे. तापवलेल्या खोलीची हवा कोरडी असते. कोरड्या, उबदार आणि वाऱ्याविना असलेल्या जागी लिंबाच्या पानांवर लाल कोळी, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड झपाट्याने वाढतात. बाहेर त्यांना खाणारे कीटक असतात, पाऊस त्यांना धुऊन काढतो; दिवाणखान्यात यांतले काहीच नसते. माघापर्यंत पाने चिकट होतात, आणि घरातील श्राविकेसमोर असा पेच उभा राहतो, की ज्याचे समाधानकारक उत्तर मुळातच नाही. फवारणी करावी तर त्रस जीवांचा घात. न करावी तर झाडाचा. कडुनिंबाचे तेल किंवा साबणाचे पाणी सौम्य म्हणून सुचवले जाते, पण ते कीटकांना मारण्यासाठीच असते, हे शब्दांनी झाकून उपयोग नाही.

हा पेच सोडवता येत नाही, परंतु पुष्कळ अंशी टाळता येतो. शास्त्रकारांनी ज्याला जयणा म्हटले, दिगंबर परंपरेत ज्याला यत्नाचार म्हणतात, त्याचा येथे अगदी व्यवहारी उपयोग आहे. साधू आपल्या वस्त्रपात्रांचे दोन वेळा प्रतिलेखन करतात. तसे कुंडी आत आणण्यापूर्वी आठवडाभर रोज पानांची खालची बाजू, फांद्यांची बेचकी, कुंडीचा तळ आणि ताटली उजेडात निरखावी. मुंग्या खवले किडीच्या मधुर स्रावाच्या मागे येतात. मुंग्यांची रांग दिसली की वर कीड आहे असे समजावे. कोळ्याचे जाळे असेल तर झाड बाहेरच काही दिवस सावलीत ठेवून त्याला निघून जाऊ द्यावे. लिंबाच्या फुलपाखराची अळी, जी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी आणि मोठी झाल्यावर हिरवी दिसते, ती पानासकट उचलून अंगणातल्या कढीपत्त्यावर किंवा बेलावर ठेवता येते. ही दोन्ही झाडे लिंबाच्याच कुळातली आहेत आणि अळी त्यांवरही वाढते. पाने बाहेरच पाण्याच्या हलक्या धारेने धुवावीत. पाणी गाळलेले असावे, हे जैन घरात सांगण्याची गरज नाही.

आणि आत आणल्यावर जागा गार व हवेशीर असली, की किडीची वाढ आपोआप मंदावते. झाड गार ठेवणे हे झाडाच्या हिताचे आहेच. विषाची बाटली कपाटाबाहेर काढण्याची पाळी बहुतेक वेळा येत नाही, हा त्याचा दुसरा लाभ. इतके करूनही कीड आलीच, तर एखाद्या शेतावर किंवा मोठ्या बागेत, जेथे ढालकिडे आपले काम करतात, तेथे झाड देऊन टाकणे हाही मार्ग आहे. परदेशात मात्र थंडी ओसरल्याखेरीज तो खुला होत नाही.

हीच दृष्टी उबेच्या साधनांबाबतही ठेवावी. थंडीच्या रात्री निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून धूर करतात. ज्याचे वर्षाचे पीक टांगणीला लागले आहे, त्या शेतकऱ्याला बोल लावता येणार नाही. चार कुंड्यांसाठी गृहस्थाने आग करण्याचे मात्र कारण नाही. चादरीखाली दिवा लावून ठेवण्याची युक्तीही सांगितली जाते. परंतु रात्रीच्या उजेडावर पाखरे येतात, आणि कापड पेटण्याचा धोका तो वेगळाच. आच्छादन नीट घातले तर दिव्याची गरज पडत नाही.

ते नीट घालण्याची रीत अशी. कुंडीभोवती गोणपाटाचे दोन वेढे द्यावेत, मध्ये वाळले गवत किंवा नारळाचा काथ्या भरावा. मातीवर वाळक्या पानांचा चार बोटे थर पसरावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये. चार काठ्या रोवून त्यांवर चादर अशी टाकावी, की ती पानांना न चिकटता जमिनीपर्यंत पोहोचेल. खोडाभोवती गाठ मारून छत्रीसारखे बांधले तर खालची ऊब आत येत नाही. सूर्यास्ताच्या आधी झाकावे, सकाळी ऊन आल्यावर काढावे. चोविहार करणाऱ्या घरांत सूर्यास्ताची वेळ घड्याळ न पाहताही लक्षात असते. त्याच वेळेला हे कामही उरकते. प्लास्टिक शक्यतो नको, कारण त्याचा गार स्पर्श झालेले पान तेवढेच करपते, आणि सकाळी काढायला उशीर झाला तर आत भट्टी होते.

पाण्याबाबत बोटाची कसोटी पुरेशी आहे. दोन पेरे खोल माती कोरडी लागली तर पाणी द्यावे, ओलसर लागली तर देऊ नये. हिवाळ्यात हे अंतर आठ-दहा दिवसांचेही होते. माती अगदी कोरडी ठाकही नसावी. ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा अधिक ऊब धरून ठेवते. पाणी सकाळी द्यावे, ताटलीत साचू देऊ नये. दिवाळीनंतर खत आणि छाटणी दोन्ही बंद. त्यांनी कोवळी पालवी फुटते आणि पहिला तडाखा तिलाच बसतो. झाड सावकाश गारव्याला सरावले, तर त्याची सोसण्याची शक्ती वाढते. म्हणून पहिल्या किरकोळ थंडीला घाबरून लगेच आत पळवू नये.

जातींचाही विचार करावा. आपले कागदी लिंबू या कुळातले सर्वांत नाजूक. पारा शून्याजवळ येताच त्याला इजा होते. साधे पिवळे लिंबू किंचित अधिक सोसते, मोसंबी-संत्री त्याहून अधिक, आणि कुमक्वाट त्याहूनही. भारतातून रोप परदेशी नेता येत नाही, रोगांच्या भयाने बहुतेक देशांत ते निषिद्ध आहे. अमेरिकेतल्या घरांत बहुधा मेयर लिंबू मिळते. फ्रँक मेयर या वनस्पतिसंग्राहकाने १९०८ मध्ये ते चीनमधून अमेरिकेत नेले. पेकिंगच्या परिसरात ते कुंडीतच वाढवीत असत. कुंडीत राहण्याची त्याला जुनी सवय आहे. फळ गोल, रसाळ आणि आंबटपणाला थोडे कमी असते, त्यामुळे आपल्या हाताच्या अंदाजाने डाळीत पिळले तर चव अळणी लागते.

इतके करूनही एखादी रात्र चुकते. अशा वेळी कात्री हातात घेऊ नये. काळवंडलेली पाने आणि फांद्या कुरूप दिसतात, परंतु कुठवर मेले आणि कुठे जिवंत आहे हे त्या वेळी कळत नाही. शिवाय त्या वाळक्या फांद्या पुढल्या थंड रात्रींत खालच्या भागाला आडोसा देतात. फाल्गुनात नखाने साल किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसले तेथपर्यंत झाड आहे. तपकिरी लागले तेवढेच कापावे. कलमी झाड असेल तर पालवी कलमाच्या सांध्याच्या वरून फुटते की खालून, हे पाहणे महत्त्वाचे. खालून फुटणारी पालवी खुंटाची असते आणि तिला पुढे येणारे फळ भलतेच निघते.

तयार फळे कडक थंडीच्या आधी काढून घ्यावीत, कारण गोठलेल्या लिंबाच्या आत पोकळी पडते. थंडी सौम्य असेल तर मात्र लिंबू झाडावरच आठवडेच्या आठवडे चांगले राहते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे वर्ज्य करणाऱ्या घरात ही मोठी सोय आहे. लागेल तेव्हा तोडावे, तिथीच्या दिवशी झाडाला हात लावू नये. बाहेर नेण्याची वेळ आपल्याकडे संक्रांतीनंतर थंडी ओसरली की येते, इंग्लंड-अमेरिकेत मेच्या उत्तरार्धात. त्या वेळीही एकदम उन्हात मांडू नये. पहिले आठ दिवस सावलीत, मग सकाळचे कोवळे ऊन, मग पूर्ण. आणि रात्री पुन्हा गार होणार असे वाटले तर चादर अजून धुऊन कपाटात ठेवलेली नसावी.